हॅवर्गलांच्या गरीब माश्या

डेस्मंड प्रिचेटने आयुष्यातली एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाडीत, चालवणाऱ्याच्या शेजारी बसून काढली. गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा घेणं हे त्याचं काम. इंग्लंडमधल्या हेरफर्डशरच्या त्या पट्ट्यात स्टिअरिंगमागे जो कोणी दिसेल त्याला डेस्मंडने एकदा तरी नापास केलेलं असायचं. त्यामुळे तो दुकानात शिरला की लोक हसून मान डोलवायचे आणि नकळत पाठ ताठ करायचे.

निवृत्त झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत त्याने घरातलं जे मोडलं होतं ते दुरुस्त केलं आणि मग जे मोडलं नव्हतं त्याला हात घातला. टोस्टर तिसऱ्यांदा खोललेला पाहिल्यावर त्याची बायको ग्लेनिस म्हणाली, आता घराबाहेरचं काहीतरी बघ. तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये मधमाश्या पाळण्याचे वर्ग चालू होते. सहा मंगळवार डेस्मंडने पुढच्या रांगेत बसून टिपणं काढली. सातव्या मंगळवारी त्याच्याकडे पांढरा अंगरखा, जाळीची टोपी आणि माश्यांना धूर देऊन शांत करायचं धुराडं, सगळं होतं. नव्हत्या त्या फक्त माश्या.

मार्च महिन्यात गावच्या दुकानातल्या फळ्यावर एक चिठ्ठी लागली. सुंदर, वळणदार अक्षर, खऱ्या शाईने लिहिलेलं: तीन मधपेट्या, माश्यांसकट विकणे आहेत. स्वभाव अत्यंत गरीब. खाली नाव क्लाइव्ह हॅवर्गल.

हॅवर्गल म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. जन्मभर वाइनचा व्यापार केलेला माणूस. साधं नळाचं पाणी पुढे केलं तरी ते कुठल्या डोंगरातून आलंय हे आता सांगणार, असं त्याच्या आवाजावरून वाटायचं. फुलांच्या प्रदर्शनाचा तो अध्यक्ष होता. बायको फिलिपा वर्षभरापूर्वी त्याला सोडून वेल्सच्या किनाऱ्यावर बहिणीकडे राहायला गेली होती. पण त्याबद्दलही तो असं काही बोलायचा की जणू तिला बढती मिळाली आहे.

डेस्मंड पेट्या बघायला गेला त्या दुपारी बोचरा वारा होता. सफरचंदाच्या झाडांखाली तीन पेट्या ओळीने उभ्या. आत काही आहे की नाही याची शंका यावी इतक्या शांत. हॅवर्गलने एका पेटीच्या छपरावर उघडा हात ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा.

“अकरा वर्षं माझ्या बागेत आहेत,” तो म्हणाला, “आणि मला एकदाही चावलेल्या नाहीत. हातमोजे घालून गेलात तर उलट त्यांनाच वाईट वाटेल.”

डेस्मंडने वहीतले तीन प्रश्न विचारले. रोगराई? नाही, दरवर्षी तपासणी झाली आहे. विकता का? फिलिपा गेल्यापासून एकट्याला झेपत नाही. पेटी उघडून बघता येईल? आज नको, या थंडीत झाकण काढलं तर आतली पिल्लं गारठतील. तिन्ही उत्तरं खरी होती. वर्गातही हेच शिकवलं होतं. एकतीस वर्षं लोकांच्या थापा ऐकलेल्या डेस्मंडला त्या बागेत एकही थाप सापडली नाही. नऊशे पौंडांना सौदा ठरला.

घरी आल्यावर ग्लेनिसने एकच विचारलं, लिहून घेतलंस का. ग्लेनिसने बावीस वर्षं लेमस्टरमधल्या एका वकिलाच्या कचेरीत टायपिंग केलं होतं आणि कागद नसलेल्या गोष्टीवर तिचा विश्वास नव्हता. डेस्मंड परत गेला. हॅवर्गलने खळखळ न करता पावती लिहून दिली: ‘तीन पेट्या, माश्यांसकट, गरीब स्वभावाच्या.’ खाली सही, एखाद्या तहनाम्यावर शोभेल अशी.

पेट्या आल्या, मागच्या कुंपणाजवळ लागल्या, आणि एप्रिल थंडच गेला. मे महिन्याच्या पहिल्या उबदार शनिवारी डेस्मंडने धुराडं पेटवलं, अंगरखा चढवला आणि हातमोजे स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवून बाहेर गेला. त्याने पहिल्या पेटीचं झाकण चार बोटं उचललं असेल नसेल.

नंतर ग्लेनिसने चिमट्याने काटे काढताना मोजले. डाव्या हातात चौदा, उजव्यात नऊ आणि चार तर अशा ठिकाणी की अंगरख्याला भोक कुठे आहे ते तेव्हाच कळलं. संध्याकाळपर्यंत त्याची बोटं सॉसेजसारखी सुजली आणि चहाचा कप धरता येईना. डेस्मंडने दोष स्वतःवर घेतला. धूर कमी पडला असेल, हात थरथरला असेल. शिकाऊ माणसाकडून चुका होतातच हे त्याच्याइतकं कोणाला माहीत.

पण माश्यांना चुकीची वाट बघायची गरज नव्हती. सोमवारी टपालवाली मॅन्डी पत्रं घेऊन फाटकाशी आली. पेट्या तिथून चांगल्या चाळीस पावलांवर. तरी तिघीचौघी तिच्या केसांत शिरल्या. ती पळाली, पत्रं रस्त्याभर झाली आणि चष्मा पडून त्यावर तिचाच पाय पडला. मॅन्डीला डेस्मंडने पूर्वी तीनदा नापास केलं होतं. ती दुसऱ्या दिवशी लांबूनच ओरडून म्हणाली, “प्रिचेटसाहेब, मागचं मी विसरले होते. आता सगळं परत आठवलं.” तेव्हापासून त्यांची पत्रं ती कोपऱ्यावरच्या जुन्या टेलिफोन बूथमध्ये ठेवू लागली. पुढच्या रविवारी शेजारच्या ऑकली बाईंकडे नातवाच्या बाप्तिस्म्याचं जेवण होतं, बागेत, पांढऱ्या तंबूखाली. सूप वाढून होईपर्यंत पाहुणे, खुर्च्या आणि केक सगळंच गॅरेजात हलवावं लागलं. ऑकली बाईंनी त्यानंतर डेस्मंडशी बोलणं सोडलं नाही, उलट वाढवलं.

डेस्मंड हॅवर्गलकडे गेला. पापणीवर नव्याने बसलेल्या डंखाची सूज अजून उतरली नव्हती, त्यामुळे त्याला हॅवर्गल दीडच डोळ्याने दिसत होता. हॅवर्गलने मनापासून हळहळ व्यक्त केली, शेरी पुढे केली आणि मग शांतपणे सांगितलं की गरीब स्वभाव म्हणजे काय हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. त्याच्याकडे त्या गरीबच होत्या. तुम्ही स्वतः येऊन पाहिल्यात, पसंत केल्यात, घेऊन गेलात. नव्या जागी नेल्यामुळे बिथरल्या असतील. शिवाय माणूसही नवा.

हा शेवटचा टोमणा डेस्मंडला माश्यांपेक्षा जास्त बोचला. तो शेरी न पिता परतला.

त्याच आठवड्यात एका पावसाळी सकाळी, माश्या आत होत्या तेव्हा, तो दुसऱ्या पेटीचं छप्पर घट्ट बसवायला गेला. छप्पर नीट बसत नव्हतं कारण आतल्या बाजूला काहीतरी खिळ्याने टाचलेलं होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक पुठ्ठ्याचं कार्ड. मधपाळ लोक पेटीची नोंद अशीच पेटीतच ठेवतात, हे वर्गात सांगितलं होतं. पण कार्ड बघायचं त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलं होतं:

‘१२ मे. फार तापट. हातमोज्यांतून अकरा डंख. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पाठलाग.’

‘३ जून. तेच. राणी बदलायलाच हवी.’

‘१९ जून. दुधवाला पुन्हा येणार नाही म्हणतो.’

बाकी दोन पेट्यांतही कार्डं होती. त्यांतली माश्यांची तारीफ यापेक्षा वेगळी नव्हती. खाली प्रत्येक ठिकाणी दोन अक्षरं: फि. हॅ.

डेस्मंड भिजलेला तसाच स्वयंपाकघरात आला आणि त्याने तिन्ही कार्डं ग्लेनिससमोर ठेवली. त्याचं म्हणणं सरळ होतं: हॅवर्गल खोटारडा आहे, फसवणूक केली. ग्लेनिसने चष्मा लावून कार्डं वाचली, मग पावती काढून तीही वाचली.

“फसवणूक हा शब्द सांभाळून वापर,” ती म्हणाली. “ती सिद्ध करावी लागते, आणि जड जाते. पण त्याने तुला एक गोष्ट खरी म्हणून सांगितली, तिच्यावर विसंबून तू सौदा केलास, आणि ती खरी नव्हती. आमच्या कचेरीत एवढ्यावर पुष्कळ पत्रं टाइप झालीत.”

तिने मग त्याला समजावलं की अशा वेळी दोन दारं उघडतात. एक म्हणजे सौदा मुळातून मोडायचा: माश्या त्याच्या घरी, पैसे आपल्या घरी, जणू काही झालंच नाही. दुसरं म्हणजे झालेलं नुकसान भरून मागायचं. पहिल्या दाराला मात्र कडी लवकर लागते. वेळ काढत बसलं, किंवा वस्तू आपलीच म्हणून वापरत राहिलं, किंवा ती जशी घेतली तशी परत देण्यासारखी राहिली नाही, तर ते दार बंद.

“आणि त्याने खोटं सांगितलंच नाही असं म्हटलं तर?” डेस्मंडने विचारलं. “मला एकदाही चावल्या नाहीत, असं तो म्हणाला. ते खरं असलं तर?”

“खरं असेलही,” ग्लेनिस म्हणाली. “तो कधी त्यांच्या जवळ गेला होता का, हे विचारलंस?”

त्याने विचारलं नव्हतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी पत्र पाठवलं: सौदा रद्द समजावा, पेट्या घेऊन जाव्यात, पैसे परत करावेत. हॅवर्गलचं उत्तर जाड, पिवळसर कागदावर आलं आणि त्यात ‘खेद’ हा शब्द चारदा होता, ‘पैसे’ एकदाही नव्हता. मग ग्लेनिसने कोर्टाचा फॉर्म मागवला. लहान दाव्यांसाठी वकील लागत नाही. पहाटे उठून तिने तो असा भरला की डेस्मंडला वाचताना आपणच अन्याय झालेली कोणीतरी मोठी व्यक्ती आहोत असं वाटलं.

फिलिपाला शोधायला वेळ लागला नाही. मॅन्डीकडे तिचा नवा पत्ता होता, टपाल पुढे पाठवण्यासाठी. डेस्मंडने पत्र लिहिलं आणि तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज कोरडा, वाक्यं छोटी. क्लाइव्हने माश्या विकल्या हे तिला कळवलंही नव्हतं. ती म्हणाली, सुनावणी सप्टेंबरात आहे ना? तोवर तुमचं गाव अर्धं सुजेल. राणी बदला. स्वभाव राणीकडून येतो. उन्हाळ्यात कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते. नवी राणी घातली की ऑगस्ट संपायच्या आत पेटीत जुनं कोणी उरत नाही.

डेस्मंडने ग्लेनिसकडे बघितलं. ग्लेनिसने कपाळाला हात लावला. राणी बदलली तर वस्तू जशी घेतली तशी राहणार नव्हती आणि पहिल्या दाराला कडी लागणार होती. त्या संध्याकाळी दोघांनी बराच खल केला. एवढ्यात ऑकली बाई कुंपणावरून डोकावल्या, एक गाल फुगलेला. त्यांनी काही म्हणायच्या आत ग्लेनिस म्हणाली, “बदल राण्या. शेजाऱ्यांना डंख मारत ठेवून कोर्टात उभं राहायची मला लाज वाटेल.”

फिलिपा जुलैत स्वतः आली. साठीची, उंच, उन्हाने रापलेली बाई. पायांत रबरी बूट आणि ब्लाउजच्या खिशात तीन छोटे पिंजरे, आगपेटीएवढे. प्रत्येकात एक राणी आणि तिची सेवा करायला चारपाच माश्या. खिशात ऊब असते म्हणून, ती म्हणाली. हातमोजे दोन जोड चढवून ती पेट्यांत शिरली ती थेट तीन तास. चौकटी एकेक उचलून, हजारो माश्यांतून जुनी राणी हुडकायची आणि दोन बोटांत चिरडायची. पहिल्या दोन तिने संपवल्या. तिसरी डेस्मंडला सापडली. लांबट, तपकिरी, घाईत असलेली. त्याने बोटं पुढे केली आणि तिथेच थांबला. परीक्षेत कोणालाही नापास करताना त्याचा हात असा अडला नव्हता. शेवटी फिलिपानेच ते केलं. त्याच्याकडे न बघता.

चहाला बसल्यावर डेस्मंडने हॅवर्गलचा विषय काढला. तो जरा तावातच होता. फिलिपाने बिस्किट चहात बुडवलं.

“क्लाइव्ह खोटं बोलत नाही,” ती म्हणाली. “त्याला जे छान वाटतं ते तो बोलतो, आणि बोलून झालं की ते खरंच आहे असं धरून चालतो. अकरा वर्षं त्याने त्या माश्या काचेच्या दारातून पाहिल्या. मी जेवताना रोज सांगायचे, आज इतके डंख बसले, आज तितके. तो रेडिओवर क्रिकेट ऐकत असायचा.” बिस्किट संपवून ती म्हणाली, “कोर्टात मी एवढंच सांगेन. याहून जास्त मागू नका.”

डेस्मंडला तो दिवस पुढे बरेच दिवस आठवत राहिला. हॅवर्गलवर नीट चिडता येईना.

आणि मग फिलिपाने सांगितलं होतं तसंच झालं. जुलै संपता संपता माश्यांचा पाठलाग कुंपणाशी थांबू लागला. ऑगस्टच्या मध्यावर डेस्मंडने झाकण उचललं तर त्यांनी वर बघितलं आणि परत कामाला लागल्या. मॅन्डीने आधी फाटकापर्यंत यायला सुरुवात केली, मग दारापर्यंत. नदीकाठच्या गुलाबी फुलांवर माश्यांची रीघ लागली. डेस्मंड सकाळी कॉफीचा कप घेऊन पेट्यांजवळच्या उलट्या बादलीवर बसायचा, ग्लेनिस हाक मारेपर्यंत. कोणती माशी कुठल्या रंगाचा पराग घेऊन आली हे तो जेवताना सांगायचा. ग्लेनिस ऐकायची. तिने रेडिओ लावला नाही. महिनाअखेरीला चाळीस पौंड वजनाचा मध निघाला. बरण्यांवर लावायच्या चिठ्ठ्या डेस्मंडने स्वतः कापल्या आणि ऑकली बाईंना दोन बरण्या नेऊन दिल्या.

सुनावणी हेरफर्डला होती. डेस्मंडच्या डोळ्यांसमोर लाकडी पिंजरा आणि पांढरे केसांचे टोप होते. प्रत्यक्षात एक साधी खोली निघाली, लांब टेबल आणि पाण्याचा जग. टेबलाच्या टोकाला जज लँग्डेन, पन्नाशीच्या, आखूड केसांच्या बाई, समोर कागद नीट लावून बसलेल्या. एका बाजूला डेस्मंड आणि ग्लेनिस. दुसऱ्या बाजूला हॅवर्गल, रेशमी टाय, एकटाच. फिलिपा दाराजवळच्या खुर्चीत. हॅवर्गलने तिला वाकून अभिवादन केलं. तिने मान हलवली.

डेस्मंडने घडलं ते सांगितलं. पावती दाखवली, कार्डं दाखवली. मग हॅवर्गल बोलू लागला आणि खोलीतली हवा बदलली. त्याने सांगितलं की स्वभाव ही मताची बाब आहे. एखादी वाइन सौम्य आहे असं आपण म्हणतो, गिऱ्हाइकाला ती तिखट लागली तर खटला होत नाही. त्याला माश्या चावल्या नव्हत्या हे सत्य आहे, शपथेवर. आणि कार्डं तर पेट्यांतच होती. छप्पर उचलून वाचायला प्रिचेटना कोणी अडवलं होतं?

जज बाईंनी त्याला पूर्ण बोलू दिलं.

“मिस्टर हॅवर्गल, अकरा वर्षांत तुम्ही यांतली पेटी किती वेळा उघडलीत?”

हॅवर्गलने टाय सारखा केला. “स्वतः अशी... उघडली नाही.”

“एकदाही नाही?”

“काचेचं दार आहे आमच्याकडे. तिथून फार छान दिसायचं.”

ग्लेनिसने पाण्याचा पेला उचलून तोंडासमोर धरला.

फिलिपाची साक्ष पाच मिनिटांत झाली. तिने जुलैत चहाच्या टेबलावर सांगितलं होतं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं. क्रिकेटचं सांगताना मात्र तिने हॅवर्गलकडे पाहिलं आणि हॅवर्गलने खाली. एवढं बोलून झाल्यावर तिला विचारलं गेलं, आता पेट्यांची अवस्था काय आहे. ती म्हणाली, उत्तम. नव्या राण्या चांगल्या जातीच्या आहेत, माश्या शांत आहेत, यंदा चाळीस पौंड मध निघाला.

हॅवर्गल एकदम ताठ बसला. व्यापारी शेवटी व्यापारीच. तो पुढे झुकून, अगदी मोठ्या मनाने म्हणाला की त्याला गावात कटुता नको आहे. प्रिचेट यांनी जूनमध्ये जे मागितलं होतं ते तो आज मान्य करतो. सौदा रद्द. नऊशे पौंड आत्ता, चेकने. उद्या सकाळी तो पेट्या न्यायला माणूस पाठवेल.

 डेस्मंडने जे मागितलं होतं तेच त्याला मिळत होतं, आणि बादली, कॉफी, पिवळे नारिंगी पराग सगळं एका वाक्यात हॅवर्गलच्या काचेच्या दारापुढे जाऊन उभं राहिलं होतं.

जज बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. “तुम्हाला माश्या परत द्यायच्या आहेत का, मिस्टर प्रिचेट?”

 ग्लेनिसने टेबलाखालून डेस्मंडच्या बुटावर बूट ठेवला, पण कोणत्या अर्थाने ते त्याला कळेना. शेवटी त्याने खरं तेच सांगितलं.

“नाही, मॅडम. जूनमध्ये द्यायच्या होत्या. पण जूनमध्ये त्या वेगळ्या होत्या. मी पण.”

हॅवर्गल हसून म्हणाला, आपण काय मागितलं हे माणसाने लक्षात ठेवावं. जज बाईंनी दोन कागद पुढे ओढले. पहिला ग्लेनिसने भरलेला फॉर्म होता. त्यात लिहिलं होतं: सौदा रद्द करून मिळावा, किंवा नुकसानभरपाई मिळावी. दुसरा हॅवर्गलचं लेखी उत्तर. त्यातला एक परिच्छेद त्यांनी मोठ्याने वाचला. राण्या बदलल्याचं गावात ऐकून हॅवर्गलनेच ऑगस्टमध्ये लिहिलं होतं की विकलेल्या माश्यांपैकी आज एकही जिवंत नाही, राण्याही बदललेल्या आहेत, म्हणून सौदा मोडून माल परत घेणं अशक्य आहे.

“हे तुम्ही फार चांगलं लिहिलं आहे,” जज बाई म्हणाल्या. “मला ते पटलं.”

खोलीत कोणी हसलं नाही, पण सगळ्यांच्याच खुर्च्या जरा वाजल्या.

निकाल त्यांनी तिथेच सांगितला, सावकाश, शाळेतल्या चांगल्या बाई सांगतात तसा. माणूस स्वतःच्या बागेतल्या, स्वतःच्या माश्यांबद्दल, विकत घेणाऱ्याने विचारल्यावर ‘गरीब आहेत, हातमोजे नकोत’ असं सांगतो, तेव्हा ते नुसतं मत राहत नाही. याला माहीत आहे असंच ऐकणारा धरतो. एकदाही चावल्या नाहीत हे वाक्य खरं होतं, पण कधी जवळ गेलो नाही हे त्यातून गाळल्यामुळे ते दिशाभूल करणारं झालं. छपराखाली कार्ड होतं हे खरं, पण ज्याने चुकीची गोष्ट सांगितली त्याला ‘तुम्ही ती पकडायला हवी होती’ असं म्हणता येत नाही. हेतुपुरस्सर फसवणूक त्यांना दिसली नाही. डेस्मंडचा तो शब्द त्यांनी बाजूला ठेवला. पण आपण म्हणतो ते खरं आहे असं मानायला हॅवर्गलकडे रास्त कारणही नव्हतं. ज्या बाईला सगळं माहीत होतं ती रोज त्याच्या समोर जेवायला बसत होती. आणि सौदा मोडायचा की नाही हे निवडायचा हक्क ज्याची दिशाभूल झाली त्याचा असतो, ज्याने केली त्याचा नाही. शेजाऱ्यांना वाचवण्यासाठी राण्या बदलल्या त्यात प्रिचेट यांनी काही गमावलं नाही, उलट नुकसान आवरलं. तेव्हा माश्या तिथेच राहतील. तापट माश्यांची खरी किंमत आणि दिलेली किंमत यांतला फरक, तीन राण्यांचा खर्च, टपालवालीला भरून दिलेला चष्मा आणि कोर्टाची फी हॅवर्गल यांनी द्यावी. सगळं मिळून सहाशे पौंडांना थोडं कमी.

बाहेर आल्यावर डेस्मंडला हात कुठे ठेवावेत ते सुचेना. ग्लेनिसला त्याने विचारलं, बूट कशासाठी दाबलास. ती म्हणाली, गप्प बस म्हणून. मग ती हसली, आणि तोही.

गाड्या लावायच्या जागेत हॅवर्गल आणि फिलिपा त्याच्या जुन्या हिरव्या गाडीपाशी बोलत उभे होते. बोलत ती होती. हॅवर्गलने गाडीतल्या रेडिओकडे हात नेला आणि तो बंद केला. थोड्या वेळाने त्याने दुसऱ्या बाजूचं दार उघडून धरलं आणि ती बसली, स्टेशनपर्यंत की आणखी पुढे, ते डेस्मंडला विचारायचं नव्हतं. एवढं त्याने पाहिलं की वळताना हॅवर्गलने इंडिकेटरचा दिवा लावला नाही, आणि या वेळी त्याने ते मनातही टिपून ठेवलं नाही.

चेक गुरुवारी आला. ऑक्टोबर लागला तशी डेस्मंडने हिवाळ्याची तयारी केली. साखरेचा पाक करून तिन्ही पेट्यांत ठेवला, वाऱ्याने उडू नयेत म्हणून छपरांवर विटा ठेवल्या आणि थंडीत उंदीर आत शिरू नयेत म्हणून प्रत्येक दारावर भोकांची पत्र्याची पट्टी बसवली. भोक एवढंच की माशी निघेल, उंदीर नाही. तिसरी पट्टी बसवताना एक माशी त्याच्या उघड्या मनगटावर येऊन बसली. त्याने स्क्रू फिरवणं थांबवलं आणि ती उडेपर्यंत तसाच वाकून उभा राहिला. ग्लेनिसने आतून दोनदा हाक मारली. जेवण थंड होत होतं.